उशिरा आलेल्यांचे हक्क

टॅनर्स मिल,
शुक्रवार, ४ मार्च १९९४

प्रिय थिआ,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच बाजूला ठेवशील, अशी मला धास्ती आहे. नाताळच्या कार्डाला तुझ्या तीन ओळी आल्या, त्याही आईच्या नावाने. त्याबद्दल तक्रार नाही. तुझ्या वॉरनला नमस्कार सांग असं लिहायचा अधिकार मी केव्हाच घालवून बसलोय. तरी एवढं पत्र शेवटपर्यंत वाच. आई बरी आहे, पण गेले दहा दिवस ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. ‘मीठ दे’ आणि ‘दार लाव’ याच्यापुढे गाडी जात नाही.

तुझ्या वर्गात रोवीना स्टिकल्स होती, आठवते? ती वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालायचं काम करत होती. जानेवारीत एका आजीबाईंची अंगठी हरवली आणि ती रोवीनाच्या कोटाच्या खिशात सापडली. किरकोळ चोरी, म्हणजे प्रकरण आमच्याच गावच्या कोर्टाचं. खून-दरोडे आमच्याकडे फक्त तोंड दाखवायला येतात आणि मग जिल्हा न्यायालयात वर जातात. लहानसहान गुन्हे मात्र माझ्यासारखा दूध काढायची यंत्रं दुरुस्त करणारा, गावाने न्यायाधीश म्हणून निवडून दिलेला माणूस, अंगावर झगा चढवून, निकाली काढतो. लोक जिल्ह्याच्या कोर्टाला भितात आणि आमच्याकडे गंमत म्हणून येतात. पण माझ्या सहीनेही माणूस तुरुंगात जातो, हे तुला मी वेगळं सांगायला नको.

एक फेब्रुवारीचा मंगळवार होता. सकाळपासून बर्फ कोसळत होतं, सत्तावीस प्रकरणं होती, आणि शेजारच्या गॅरेजमधून बर्फ लोटायचा ट्रक सारखा घरघरत आत-बाहेर करत होता. रोवीना पुढे आली, मी आरोप वाचला, कबूल आहे का विचारलं. ती खाली बघून ‘हो’ म्हणाली. मी साठ दिवस दिले. चार मिनिटं लागली असतील. आता तिला एक वकीलबाई मिळाल्यात आणि त्यांनी जिल्हा न्यायालयात अपील केलंय. रोवीना म्हणते, वकील मिळू शकतो, तारीख मागता येते, असं मला कुणी सांगितलंच नाही. हो म्हटलं की घरी सोडतील असं वाटलं. अंगठी आजीबाईंनीच हात धुताना तिच्याकडे दिली होती, असंही ती म्हणते. खरं-खोटं देव जाणे, कारण मी विचारलंच नाही. आज तिचा बत्तिसावा दिवस. हा डाग राहिला, तर या राज्यात कुठलाही वृद्धाश्रम तिला दारात उभं करणार नाही, आणि तिला दुसरं काही येत नाही.

आमच्याकडे लघुलेखक नसतो. त्यामुळे अपील झालं की त्या दिवशी कोर्टात काय घडलं, हे न्यायाधीशानेच दहा दिवसांत लिहून जिल्ह्याला पाठवायचं असतं. वर बसलेला न्यायाधीश तोच कागद खरा धरतो. म्हणजे रोवीनाची सुटका मी काय लिहितो यावर आली. आणि मुदत आज दुपारी चारला संपत होती.

माझी पद्धत तू पाहिली आहेस. संध्याकाळी सात वाजता हातोडा आपटायचा आणि सगळ्यांचे हक्क सगळ्यांना एकदमच वाचून दाखवायचे. पुन्हा पुन्हा कोण वाचत बसणार? रोवीनाची गाडी वळणावर बर्फात रुतली होती. ती साडेसातला आली. मी तिला ओल्या बुटांनी दाराशी उभं राहिलेलं पाहिलं आणि पुढचं नाव पुकारलं. मात्र तिच्या फाइलवर इतरांसारखाच निळा शिक्का आहे, ‘हक्क सांगितले’. तो कधी बसतो? कोर्टाची कारकून म्हणून तुझी आई मंगळवारी दुपारी, जेवण झालं की, सगळ्या फाइलींवर एका बैठकीत मारून ठेवते. मला हे माहीत नव्हतं असं लिहिलं, तर तेही खोटंच. पाहत होतो आणि कानाडोळा करत होतो.

अपिलाची बातमी फुटल्यावर गावप्रमुख हॉलिस पेन घरी आला. केकचे दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाला, “अल्डेन, कागदावर शिक्का आहे ना? मग डोक्यातलं कशाला उकरतोस? नोव्हेंबरात निवडणूक आहे आणि तू कुऱ्हाड घेऊन स्वतःच्याच पायावर घाव घालायला निघालायस.” खरं सांगतो, त्याचं मला पटत होतं. तो गेल्यावर आई म्हणाली, “तू चुकलास असं खुशाल लिही. पण मग शिक्का कुणी मारला हे कुणीतरी विचारेलच. अठरा वर्षं तुझे कागद सांभाळले, त्याचं हे बक्षीस का?” मी दोन मजकूर लिहिले, एक खरा आणि एक ‘नक्की आठवत नाही’ असा. दोन्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर आठवडाभर पडून होते. आम्ही त्यांच्या कडेने ताटं मांडून जेवत होतो.

आज सकाळी उठलो तर टाइपरायटर वाजत होता. तिने खरा मजकूर टाइप केला होता. खाली मी न लिहिलेला एक परिच्छेद होता: शिक्का मी मारते, कोर्ट उघडायच्या आधी मारते, गेली सहा वर्षं प्रत्येक फाइलवर मारत आले आहे. त्याखाली तिची स्वतःची, ‘कोरा विकवायर’ अशी स्वच्छ सही. मी म्हटलं, अगं, इतकं कुणी विचारलंय? एका प्रकरणाचा प्रश्न आहे, तू सहा वर्षं उघडी टाकतेयस. ती म्हणाली, “शपथ काय तू एकट्यानेच घेतली होतीस? मीही घेतली होती, त्याच दिवशी. तू शेजारी उभा होतास.”

रस्ता घसरडा होता. जिल्हा न्यायालय पंचेचाळीस मैलांवर. पुलाशी एक ट्रक आडवा झाला होता, तिथे पाऊण तास गेला आणि मी मिनिटं मोजत बसलो. मनात एकदा आलंही की चार वाजून जाऊ देत, म्हणजे सुटलो. मग आईनेच खाली उतरून पोलिसाला कागद दाखवला, तेव्हा त्याने आम्हाला कडेने सोडलं. चारला दहा कमी असताना जिल्ह्याच्या खिडकीत कागद दिला. रोवीनाचा निकाल रद्द होईल, असं वकीलबाई म्हणतात. खटला पुन्हा उभा राहिलाच, तर तो माझ्यापुढे नसेल. नोव्हेंबरात मी उभा राहणार नाही.

परतल्यावर आई जुनी नोंदवही घेऊन बसली. सहा वर्षांत उशिरा येऊन गुन्हा कबूल केलेले आणि तुरुंगात गेलेले असे कोण कोण, याची ती यादी करते आहे. यादीत पहिलं नाव तिने वॉरनचं लिहिलं. नाचाच्या रात्रीची मारामारी, एकोणनव्वदचा मे महिना, पंधरा दिवस. त्या डागामुळे अग्निशामक दलाने त्याला घेतलं नाही आणि तुम्ही दोघं गाव सोडून गेलात. तेव्हा तू स्वयंपाकघरात उभी राहून मला एकच प्रश्न विचारला होतास: बाबा, त्याला वकील मिळू शकतो हे तुम्ही सांगितलं होतं का? मी तुला फाइल उघडून शिक्का दाखवला. थिआ, पोलिसांनी त्याला पावणेआठला आणलं होतं. मी सांगितलं नव्हतं, आणि तू विचारलंस तेव्हाही मला ते आठवत होतं. इतक्या वर्षांनीही तो निकाल रद्द करून मागायची वाट आहे. अर्ज आमच्याच कोर्टात पण दुसऱ्या न्यायाधीशापुढे करायचा असतो. वॉरनने तो करावा. त्या दिवशी काय घडलं हे मी शपथेवर लिहून सही केली आहे, ते याच पाकिटात आहे. ते त्याच्या हातात दे. मला उत्तर नाही लिहिलंस तरी चालेल.

तुझाच,
बाबा