विहिरीवरचं नाव

पलूस, मंगळवार

डोकं फिरलंय. आमच्या विहिरीच्या कपारीतल्या घुबडाचा फोटो पक्षीगणनेच्या ॲपवर टाकला, पण जागा मुद्दाम लिहिली नव्हती. अघोरी पूजा करणारे घुबडं हुडकत फिरतात, म्हणून. त्या ॲपमधल्या एआयनं फोटोतल्या दगडावर कोरलेलं आजोबांचं नाव आणि गाव वाचलं, आणि विहीर थेट नकाशावर सगळ्यांना दाखवली! आज कपार रिकामी. पिल्लंसुद्धा नेली नालायकांनी.

पक्षीगणनेचं काम बघणाऱ्या बाईंना फोन केला, तर म्हणतात, "तुम्ही अटी मान्य केल्या होत्या." अटी कसल्या? जागा लपवली ती काय गंमत म्हणून?

बायकोनं विचारलं, "आवं, पर दगड फोटोत घेतलाच कशाला?"

काय सांगू तिला? आजोबांचं नाव नीट दिसावं म्हणून मीच चार पावलं मागं सरकलो होतो.