सारखे आढळले

ता. ४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन केला की तू दोन वाक्यांत उरकतेस आणि फोन भावोजींच्या हातात देतेस, म्हणून हा कागद. कागदावर तू कधी घाई केलेली मला आठवत नाही.

मालिकेवरचं दहावं पुस्तकही माझ्याच गळ्यात पडलंय. काम नेहमीचंच. चॅनेलवाले संहिता पाठवतात, पाच आठवड्यांत तिची दोनशे पानी कादंबरी करायची. घटना बदलायची नाही, मालिकेतल्या बाईसाहेबांचा पांढरा कोट मळवायचा नाही. मुखपृष्ठावर नटीचा चेहरा, माझं नाव आत कुठेतरी बारीक टायपात. शेवटच्या पानावर बाईसाहेबांनी मायक्रोस्कोपमधून मान वर करून ‘जुळलं!’ म्हणायलाच हवं, कारण तो शब्द आता कपांवर आणि टी-शर्टांवर छापून विकतात.

या वेळचा खून लोकरीच्या धाग्यांवरून उलगडतो. तू तीस वर्षं लॅबमध्ये धाग्यांकडेच बघत बसलीस, तेव्हा सांग. धागा कपड्यावरून उचलता कशाने, टेबलावर काय अंथरता, मायक्रोस्कोपमध्ये नेमकं काय बघता? आमची नटी धागा चिमट्यात धरते, उजेडाकडे नेते आणि आरोपीचं नाव सांगते. तेवढ्यावर माझी वीस पानं कशी भरायची?

तुझी भावजय गुडघ्याची चौकशी करते आहे. हसून झालं की उत्तर लिही, आणि माझ्यावर रागावण्याचा तुझा हक्क सोडू नकोस.

तुझा,
धाकटा


ता. ११ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हसून झालं. तुझे भावोजी ती मालिका न चुकता बघतात आणि नटीच्या आधी स्वतःच ‘जुळलं’ म्हणून ओरडतात. तेवढा वेळ मी स्वयंपाकघरात जाऊन बसते. जाहिराती लागायच्या आत हिचा अहवाल तयार! आमचा चार-चार महिने तयार होत नसे. आणि पांढरा कोट म्हणशील, तर माझ्या कोटाच्या खिशावर शाईचा डाग होता, तो निवृत्त होईपर्यंत गेला नाही.

आता लिहून घे. धागा उचलायचा चिकटपट्टीने. टेबल पुसून दर कपड्याला नवा कागद अंथरायचा. मेलेल्याचे कपडे आणि आरोपीचे कपडे एका टेबलावर कधीच उघडायचे नाहीत, धागे उडतात. मग दोन मायक्रोस्कोप शेजारी शेजारी, वर बघायची नळी एकच. डावीकडे सापडलेला धागा, उजवीकडे स्वेटरमधला. रंग बघायचा, जाडी बघायची, पीळ बघायचा. मान आखडते आणि डोळ्यांतून पाणी येतं, हेही घाल.

आणि एक गोष्ट. आम्ही ‘जुळले’ असं कधीही लिहीत नाही. ‘सारखे आढळले, एकाच कपड्यातले असू शकतात,’ एवढंच. एका गिरणीतून तसली लोकर हजारो स्वेटरांना जाते, मग जुळले कसं म्हणणार? आमचे साहेब म्हणायचे, की जुळवायचं काम लग्न ठरवणाऱ्यांचं, आपलं नाही. नव्या मुलींना मी तेच शिकवलं.

गुडघा आहे तसाच आहे. तब्येतीला जप, जाग्रणं करू नकोस. आशीर्वादात काटकसर केलेली नाही.

तुझी,
ताई


ता. २० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या एका पत्रातून माझी सव्वीस पानं निघाली. शाईचा डागही घातला होता, चॅनेलने तो खोडला. घरात कुणी ‘जुळलं’ म्हटलं की आई आधी कुणाचं म्हणून विचारायची, ते आठवून मी एकटाच हसत बसलो.

सोबत कोर्टाचं प्रकरण पाठवतोय. बाईसाहेब साक्षीला उभ्या आहेत. सरकारी वकील विचारतात, म्हणजे धागे जुळले ना? त्या म्हणतात, हो. मी आधी तुझं ‘सारखे आढळले’ लिहिलं होतं, तर फोन आला, की वाचकाला शंका येईल असं काही नको. माझा नाइलाज झाला. तू वाच आणि कुठे फारच खोटं वाटतंय ते सांग.

या खेपेला अर्पणपत्रिका मात्र माझ्या मनासारखी आहे. ‘जिचं कधीच चुकलं नाही त्या ताईला.’ नको नको म्हणू नकोस, छापायला गेली.

तुझ्या लाल पेन्सिलीची वाट बघणारा,
धाकटा


ता. १४ जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझी दोन कार्डं मिळाली. मी आजारी नाही, रुसलेलीही नाही. तुझं प्रकरण वाचायला घेतलं आणि दुसऱ्या पानावर थांबले. ते तू लिहिलंस असं मला वाटेचना. ते माझंच होतं.

अकरा वर्षांपूर्वी कापडाच्या गोदामात एका कारकुनाचा खून झाला. त्याच्या शर्टावर मला निळ्या लोकरीचे चार धागे सापडले. तिथल्या रखवालदाराच्या गणवेशाचा स्वेटर आणला, त्याचे धागे तसेच निघाले. अहवालात मी नेहमीसारखं ‘सारखे आढळले’ लिहिलं. साक्षीच्या वेळी सरकारी वकिलांनी विचारलं, म्हणजे जुळले ना? मी म्हटलं, हो, जुळले. सकाळपासून बाकावर बसून होते, गुडघा ठणकत होता, शब्दाचा कीस कुठे पाडत बसू असं वाटलं. खरं सांगू? सगळं कोर्ट माझ्याकडे बघत होतं आणि मला ते आवडलं होतं. रखवालदाराच्या वकिलाने मला एकही प्रश्न विचारला नाही.

आता निकालाची नक्कल मिळवून वाचली. कुणी काही पाहिलेलं नव्हतं, हत्यार सापडलेलं नव्हतं. त्यात लिहिलंय, की धागे जुळल्याचं तज्ज्ञ बाईंनी स्पष्टपणे सांगितलं आहे. त्याला जन्मठेप झाली. तसले स्वेटर गोदामात चाळीस जणांना वाटले होते. आणि धाकट्या, ती यादी माझ्याच फायलीत होती.

मी कोर्टाला लेखी कळवणार आहे. तुला बाहेरून कळू नये म्हणून आधी लिहिलं. ती अर्पणपत्रिका काढून टाक.

तुझी,
ताई


ता. १९ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र चारदा वाचलं. हात जोडून सांगतो, काही पाठवू नकोस. निदान मी येईपर्यंत थांब.

तू अहवालात बरोबरच लिहिलं होतंस. त्याच्या वकिलाने विचारायला नको होतं? न्यायाधीशांना वाचता येत नव्हतं? सगळ्यांचं पाप तू एकटीने का डोक्यावर घ्यायचं? आणि पुढचा विचार केलास का? तू तीस वर्षांत शेकडो साक्षी दिल्यास. उद्या त्यातला प्रत्येक जण म्हणेल, या बाईंचं एकदा चुकलं तर माझ्या वेळीही चुकलं असेल. त्यांत खरे खुनीही असतील. वर्तमानपत्रवाले दारात येऊन बसतील. या वयात तुला ते झेपणार आहे का? मला तुझी भीती वाटते, ताई.

आणि आणखी एक आहे, ते लपवत नाही. तुझ्याबद्दल छापून आलं तर मालिकेवाले मला एक दिवस ठेवायचे नाहीत. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे. अर्पणपत्रिका छापून झाली, आता निघत नाही.

एवढं ऐक. मी तुझ्याकडे आजवर फार हट्ट केले, हा शेवटचा समज.

तुझा,
धाकटा


ता. २ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच पाठवून मोकळी झाले होते. नंतर आलं असतं तरी पाठवलंच असतं. शेकडो साक्षींचं म्हणतोस, ते बरोबर आहे. मी एकेक आठवून वहीत लिहायला बसले आहे. अजून एकाही दिवशी वही बंद करून शांत झोपले नाही.

कैद्यांची कामं बघणाऱ्या एक वकीलबाई भेटून गेल्या. त्यांनी माझ्या जबाबावरून फेरविचाराचा अर्ज तयार केलाय, पण रखवालदार सही करायला तयार नाहीत. का, ते सांगत नाहीत. तेव्हा मीच तुरुंगात जाऊन त्यांच्याशी बोलणार आहे. तुझे भावोजी सोबत येतायत. ते हल्ली मालिका लावत नाहीत.

तू लाज वाटते म्हणालास, तेवढं वाचून बरं वाटलं. राग नाही.

तुझी,
ताई


ता. २१ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

काल जाऊन आले. तुझे भावोजी फाटकाबाहेर बसले, मी आणि वकीलबाई आत गेलो. लांबलचक खोली, मधोमध जाळी, भिंतींना अर्ध्यापर्यंत हिरवा तेलरंग. रखवालदाराचे केस पार पांढरे झालेत. त्यांनी मला लगेच ओळखलं आणि नमस्कार केला. मला तो घेववेना.

मी सगळं सांगितलं. चाळीस स्वेटर, माझं ते ‘हो’. ते शांतपणे ऐकून घेत होते आणि वर माझीच समजूत काढत होते, की बाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, तुमचं बरोबरच होतं. त्या संध्याकाळी ते खूप प्यायले होते. कुलूप लावल्यापासून सकाळपर्यंतचं त्यांना काहीच आठवत नव्हतं. पहिली दोन वर्षं ते ज्याला त्याला शपथेवर सांगायचे, की मी केलेलं नाही. बायकोलाही तेच सांगायचे.

मग त्यांना तुरुंगाच्या वाचनालयात तुझी पुस्तकं मिळाली. जसजशी आली तशी नऊच्या नऊ वाचली. मालिका तिथे दिसत नाही, पुस्तकंच पुन्हा पुन्हा वाचतात. म्हणाले, की त्यांतला प्रत्येक जण आधी नाही नाहीच म्हणतो, आणि बाईसाहेबांनी मायक्रोस्कोपमधून बघितलं की त्याला सगळं आठवतं. तेव्हा आपल्यालाही आठवेल म्हणून ते वाट बघत राहिले. आणि आठवायला लागलं. कारकुनाचा शर्ट, स्वतःचे हात. त्यांनी कारकुनाच्या आईला माफीचं पत्र लिहिलं. बायकोला कळवलं, की मीच केलंय, थांबू नकोस. ती मुलीला घेऊन गेली, कुठे ते त्यांना माहीत नाही.

मग त्यांनी मला विचारलं, की बाई, तुम्ही मायक्रोस्कोपमधून बघितलंय, तुम्हीच सांगा, मी केलं की नाही?

मी म्हटलं, मला सांगता येत नाही. ते जाळीला धरून माझ्याकडे बघत राहिले, मी पुढे काही बोलेन म्हणून.

माझ्यावरचा लोभ उरला असेल, तर तो राहू दे.

तुझी,
ताई