साडूचं अ‍ॅव्हरेज

१ मार्च, रविवार

सासऱ्यांकडे जेवण. नवी गाडी पहिल्यांदाच नेली होती. सासरे बाहेर आले, बॉनेटवरून हात फिरवला. "अ‍ॅव्हरेज काय देते?" मी खरं ते सांगितलं — लिटरला चौदा. आत पानावर बसल्यावर साडूने सुरू केलं. "चौदाच देणार. अहो, आमचे पंपशेठ पंपावर वाढलेत. तेल ओतल्याशिवाय त्यांना करमत नाही."

सगळे हसले. सासरेही. मीही हसलो, सवयीने. बायको ताटातलं मीठ बोटाने सारखं करत बसली.

पंपावर लोकांच्या गाड्या पुसायचो, खरं आहे. ते सोडून जमाना झाला. आज माझे सहा टेम्पो धावतात. पण त्या घरात मी अजून फडकं हातात घेऊनच उभा आहे — आणि ते फडकं रोज नव्याने हातात देतो हा माणूस. वडिलांच्या तयार फर्निचरच्या दुकानात गल्ल्यावर बसणारा!

उट्टं काढणार.

४ मार्च, बुधवार

जड चाक फिरवायला इंजिनाला जोर लागतो. रुंद टायर रस्त्याला चिकटून चालतो. म्हणून हलकी अलॉय चाकं आणि बारीक टायर बसवले. जुनं चाक उचलताना कंबर बोलली, नवं एका हाताने उचललं. टायरवाला म्हणाला, "साहेब, एकदा लांबून बघा. बरं दिसतंय का?" म्हटलं, मला पळवायचीय, मिरवायची नाही. (खोटं. मिरवायचीच आहे.)

बायको गॅलरीतून बघून म्हणाली, "म्हशीला बकरीचे पाय लावलेत."

१४ मार्च, शनिवार

टाकी फुल करून दोनदा हिशेब केला. साडेपंधरा! बायकोला तेवढं सांगितलं.

दाढी करताना तालीम केली. "साडूभाऊ, तुमची किती देते हो?" एवढंच विचारायचं. आवाज गोड ठेवायचा.

१९ मार्च, गुरुवार

माती खाल्ली.

आज हायवेवर कामाला गेलो. किलोमीटरचे दगड मोजायची माझी जुनी खोड. दगड म्हणतात पन्नास, मीटर म्हणतो त्रेपन्न. येताना परत तेच. थेट टायरवाल्याकडे गेलो, जुनं चाक नव्याशेजारी उभं केलं. नवं चांगलं दोन बोटं बुटकं. टायर अरुंद घेतला तर तो उंचीलाही बसका निघाला. चाक लहान, म्हणून फेरे जास्त — आणि मीटर बिचारा फेरेच मोजतो. खरा फायदा अर्धा किलोमीटर. वरचा एक नुसता मीटरच्या काचेमागे.

टायरवाला म्हणाला, "गिऱ्हाईक खूश असतं साहेब, मीटर कोण तपासतो?"

बरं झालं, बायको सोडून मी अजून कुठे बोललो नव्हतो. साडूने सोलून काढलं असतं.

२१ मार्च, शनिवार

बहिणी-बहिणी फोनवर बोलतात तेव्हा मी पेपर घेऊन जवळच बसतो. डोळे पेपरात, कान फोनवर. मेहुणीचा आवाज तसाही पलीकडच्या खोलीपर्यंत येतो. "तुमच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढलं म्हणे? बाबा सांगत होते. हे विचारत होते. भावोजींना सांगू नकोस हं." बायकोने सगळं सांगून टाकलं — चाकं, टायर, साडेपंधरा, दुकानाचा पत्तासुद्धा. दगडांचं तिला मी सांगितलेलंच नाही.

"काही ऐकलंत?" फोन ठेवून तिने विचारलं.

"नाही बाई. काय झालं?" पान उलटलं.

लगेच टायरवाल्याला कळवलं — साडू येईल. माझ्यासारखेच दे. चहा पाज. दुसरं काही बोलू नकोस.

२८ मार्च, शनिवार

साडूची गाडी गल्लीत वळली तेव्हाच ओळखलं. रबराचा तोच बारीक आवाज. बसला, चहा प्यायला, चाकांबद्दल अवाक्षर नाही. पोचवायला खाली गेलो तेव्हा मी आकाशाकडे बघत उभा राहिलो.

पुढच्या रविवारी सासऱ्यांकडे तो बोलणारच. पोटात काही ठेवायची त्याला सवय नाही. मग सगळ्यांदेखत विचारणार — दगड मोजलेत का, साडूभाऊ? सासऱ्यांना पुढच्या सीटवर बसवून हायवेवर नेणार. एकेका दगडाला त्याचं तोंड बघायचंय.

आज बायकोला सगळं सांगितलं. म्हणाली, "ताई माझ्याशी बोलणं टाकेल. मला एकच बहीण आहे."

म्हटलं, मी इतकी वर्षं ऐकलं. आता त्यांनी एक दिवस ऐकावं.

४ एप्रिल, शनिवार

बायको बोलत नाहीये. उद्यासाठी शर्ट मीच इस्त्री केला. पांढरा.

५ एप्रिल, रविवार

जेवण झाल्यावर साडू बोलला. लिटरला पंधराच्या वर गेली म्हणाला. मी पुढे सरकून बसलो. तर म्हणतो, "अक्कल माझी नाही. यांची चोरून नक्कल केली. दुकान बसलंय, एकेक लिटर जपतोय — पण यांना विचारायची लाज वाटली. इतकी वर्षं या घरात मी यांची टवाळी केली. चुकलो." सगळ्यांदेखत हात जोडले. पंपशेठ म्हणाला नाही, नावाने हाक मारली. सासऱ्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो ठेवूनच बसले.

बायको माझ्याकडे बघत होती.

साडूने विचारलं, "आणखी काही करावं लागेल का?"

म्हटलं, "टायरमधली हवा तेवढी बघत जा."