माझी झाडं मेलेली नाहीत

११ जानेवारी १९८५
रेडिओवाला म्हणतो, उणे वीसच्या खाली. फ्लॉरेन्समध्ये असेल. आमचं गाव टेकडीवर, इथं एवढं नसतं. बरणीतलं तेल मात्र गोठून पांढरं झालंय. चमच्यानं खरवडून पावाला लावलं.

१२ जानेवारी
बरणी चुलीजवळ ठेवली, तासाभरात तेल पहिल्यासारखं हिरवं. मग ऑलिव्हच्या झाडाला काय धाड भरलीय? ऊन पडलं की तेही ठीक होणार. शाळा दोनच यत्ता, पण डोकं आहे. नवऱ्याला सांगितलं. नेल्लो म्हणाला, आर्जिया, मग झाडंही आण चुलीजवळ. मेला कधी मदत करणार नाही.

३ फेब्रुवारी
खोडांच्या साली उभ्या फाटल्यात. पोती बांधली. जखमा भरतात.

२८ मार्च
शेजारचा गास्तोने आला. म्हणे वहिनी, सगळी जमिनीलगत कापा, मुळं जिवंत आहेत. त्यानं स्वतःची कापली. सासऱ्यांनी लावलेली एकशे बारा झाडं, दुसरं आहे काय आमच्याकडे? म्हटलं, तुला टक्कल पडलं म्हणून माझं डोकं भादरू नकोस. गेला. पानं तपकिरी आहेत, पण गळली कुठं?

१६ एप्रिल
नखानं साल खरवडली. आत हिरवं हवं. तपकिरी. दुसरं झाड, तपकिरी. नख बोथट झालंय. उद्या सुरीनं.

१७ एप्रिल
सुरीला धार नाही.

९ जून
बुंध्याशी फुटवे आले! मी म्हणत नव्हते? सगळे ओरबाडून काढले. फुटवे झाडाचा रस पितात, हे सासूनं लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात शिकवलं. आता सगळा जोर वर जाईल. नेल्लो म्हणाला, वर कोणी आहे का पण?

६ जुलै
पुन्हा फुटवे. काढले. हात सोलवटले.

१४ ऑगस्ट
थोडेच, बारके. काढले. वर अजून काही नाही. उशीर होतोय, एवढंच.

२२ सप्टेंबर
आता फुटवेसुद्धा बंद. गास्तोनेच्या शेतात सहज डोकावले. खुंटाखुंटाला कमरेएवढे फुटवे, हिरवेगार. म्हणाला, यातलाच एक जोरदार ठेवायचा वहिनी, तेच पुढचं झाड. दहा वर्षांत तेल देईल. तुमच्याकडे कितींना आलेत?
म्हटलं, सगळ्यांना आले होते. मी काढले.
त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.
विचारलं, गरम होतंय का?
म्हणाला, नाही.