तांबूस रंगाचा नंबर

बुधवार, १४ तारीख
सकाळ, भांडी आवरल्यावर

माझ्या चिमणे,

तुला आजीचे पोतंभर आशीर्वाद. आम्ही इथे बरे आहोत, तुम्ही मायलेकी तिथे बऱ्या असाल असं धरून चालते. चौथीत शाळा सुटली माझी, म्हणून अक्षर कोंबडीच्या पायांसारखं येईल. लागलं नाही तर मोठ्याने वाच, कळेल. मी बोलते तशीच लिहिते.

महिन्याभरापूर्वी तुझं पत्र आलं तेव्हा मी काय केलं सांगू? दूध गॅसवर ठेवून दारातच वाचत उभी राहिले. दूध उतू गेलं, पातेलं करपलं, मी आपली वाचतेय. सव्वीस वर्षांत पहिलं पत्र! आणि त्यात फोटो! तू आईच्या पार्लरमध्ये स्वतःच्या खुर्चीमागे कंगवा घेऊन उभी, आणि मागच्या आरशात तुझी आई, तांबूस केसांची. शेजारची शिवणवाली म्हणाली, "आजी, लॉटरी लागली की काय?" म्हटलं, "लॉटरी सरून जाते गं. मला तेवीस वर्षांची नात मिळालीय, आयती वाढवलेली." इतका आनंद झालाय मला, की कुठे ठेवू कळत नाही.

तर पत्राचं कारण केसांचा रंग. हसू नकोस. तू त्याच धंद्यातली, तुला नाही विचारायचं तर कुणाला? तुझी आई जो रंग लावते, त्याच्या खोक्यावर नंबर असेल ना? तो मला कळव. लगेच कळव. फोन नंबर तू दिला नाहीस, आईला कळेल म्हणून दिला नसशील, मी समजू शकते. पण पत्राला उशीर करू नकोस.

आता म्हातारीला हे खूळ कुठून लागलं, म्हणशील. तुझा फोटो आला, आणि मी आरशात पाहिलं. डोकं पांढरंफेक. म्हटलं, उद्या नात दारात उभी राहिली तर दचकेल. म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून काळ्या रंगाचं खोकं आणलं. खोक्यावरची बाई दिसायला छान होती, पण ती गोरीपान होती हे माझ्या लक्षात आलं नाही. लावला. धुतला. आणि आरशात कोण? कोळशाच्या वखारीतून आलेली कुणी भलतीच. चेहरा राखेसारखा, डोळ्यांखाली खड्डे. तुझे आजोबा पलंगावरून म्हणाले, "कोण आहे? बाई, आमची ही घरात नाही."

आजोबांचं तुला सांगायचं राहिलं. ते जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आता डोळ्यांत पडदा आलाय. माणूस ओळखता येत नाही, पण रंग दिसतो. खिडकीतून बघून म्हणतात, "त्या बसचा निळा फसलाय, हिरवा जास्त झाला." बस कुठली ते सांगता येत नाही, पण निळा फसलाय हे कळतं.

मग मी गेले इथल्या पार्लरमध्ये. तिथली मुलगी तुझ्याच वयाची, तोंडाने फटकळ. "आजी, हे कुणी केलं तुम्हाला?" मी म्हटलं, "मीच." "मग तक्रार कुणाकडे करणार?" असं म्हणून हसली. पण काम चोख. मला उजेडात बसवलं, गळ्याशी आधी पांढरं फडकं धरलं, मग सायीच्या रंगाचं. मनगट उलटं करून शिरा बघितल्या. म्हणाली, "शिरा हिरवट दिसतात. तुमची कांती सावळी आहे, पण आतून उबदार, मधासारखी. निळसर काळा तुम्हाला खाऊन टाकतो. तुम्हाला तांबूस हवा." मग नमुन्याच्या बटांची कडी काढली आणि एकेक बट गालाला लावून बघितली. एका बटेशी थांबली. "बघा."

चिमणे, मी बघितलं. चेहऱ्यात कुणीतरी दिवा लावल्यासारखं झालं. आणि मला पर्समधून तुझा फोटो काढावा लागला नाही, कारण ती बट मला ओळखीची होती. तोच रंग तुझ्या आईने एकोणिसाव्या वर्षी स्वतःहून लावला होता. ना कुणी शिरा बघितल्या, ना कुणी फडकी धरली. पोरीला नुसतं कळलं होतं.

तो काळा उतरवायला दोन खेपा लागल्या, डोकं चुरचुरलं, ते सगळं तुला माहीतच असेल.

थांब, हाक मारतायत.

संध्याकाळ, तीच तारीख

आले. त्यांना कूस बदलून हवी होती. आता झोपलेत.

सकाळी मी तुला अर्धंच सांगितलं. नातीशी पहिल्याच पत्रात लपवाछपवी बरी नव्हे.

तुझ्या आईने तो रंग लावला, तेव्हा मी काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, "तव्याला सोन्याचा मुलामा दिला म्हणून त्याचं ताट होतं का गं?" दुसऱ्या दिवशी तिला बघायला माणसं यायची होती. मला वाटलं, हसतील. मी तिला न्हाणीघरात कोंडलं, मान खाली दाबली आणि काळा रंग फासला. ती ओरडत होती, "आई, जळतंय." मला वाटलं, नखरे. रंग कानामागे ओघळला होता. कातडी सोलून निघाली. चार दिवसांनी ती घर सोडून गेली. फोटोत बघ, तिने केस कानावर ओढून घेतलेत. तू कधी विचारलंस का गं तिला, असे का घेतेस म्हणून? विचारू नकोस. मी सांगितलं ना.

आणि तवा तरी कुणाचा? माझ्याच घरचा. तिची कांती माझी आहे, तसूभर फरक नाही. मला जन्मभर जे तोंडावर ऐकवलं गेलं, ते मी तिला ऐकवलं. पार्लरच्या खुर्चीत मी रडले तेव्हा ती मुलगी घाबरली, तिला वाटलं रंग आवडला नाही.

आता खरी गोष्ट. रंग लावून मी घरी आले. आजोबा उजेडाकडे तोंड करून पडले होते. मी दारात उभी राहिले आणि त्यांनी मान वळवली. "मैने? आलीस?"

मैना म्हणजे तुझी आई. लहानपणी अखंड बडबडायची, म्हणून त्यांनी ठेवलेलं नाव. सव्वीस वर्षांत हे नाव आमच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं.

मी म्हणायला हवं होतं, अहो, मी आहे. पण त्यांचा चेहरा तू बघायला हवा होतास. दोन दिवस पाण्याखेरीज काही घेत नव्हते, त्यांनी माझ्या हातून वाटीभर पेज घेतली. मग मी आवाज बारीक केला. आमचे आवाजही सारखेच. तेव्हापासून सकाळी मी मी असते, डोक्याला रुमाल बांधून अंग पुसते, बोलणी खाते. दुपारी रुमाल सोडते आणि मैना होते. मैनेला बोलणी नाहीत. मैनेला सगळं मधात घोळवून.

मला हसू येतं गं कधी कधी. एकदा म्हणाले, "तुझी आई चहात साखर कमी घालते, तिला सांगू नकोस हं." आणि उशीखालून साखरेची पुडी काढून दाखवली!

पण गेल्या आठवड्यात माझा हात धरून म्हणाले, "मैने, त्या दिवशी मी न्हाणीघराच्या दाराबाहेर उभा होतो. हातात ब्रश होता. मला सगळं ऐकू येत होतं. मी दार ढकललं नाही. कडी लावलेलीच नव्हती, नुसतं लोटलेलं होतं." मग म्हणाले, "तू मला माफ केलंस का?"

त्या दाराला कडी लावायची मी विसरले होते, हे मला तोवर माहीत नव्हतं. एक ढकल पुरली असती.

आता रोज विचारतात. रोज. मी म्हणते, बाबा, आधी औषध घ्या. बाबा, ऊन आलंय, पडदा ओढू का? "हो" म्हणायला काय लागतं? एक अक्षर. त्यांचं भलं होईल. पण ते अक्षर माझं नाही. तिच्या केसांवर मी एकदा तिला न विचारता हात टाकला, आता तिच्या तोंडून बोलायचंही मीच?

आणि वेळ उरलेली नाही. डॉक्टर मला बाहेर बोलावून म्हणाले, पंधरा दिवस, फार तर तीन आठवडे. इकडे माझी मुळं नखभर पांढरी झालीत. काल माझ्या डोक्यावर हात फिरवून, डोळे बारीक करून म्हणाले, "मैने, मुळाशी चुना दिसतोय. तू कधी म्हातारी झालीस?" आणि रंगही फिका पडलाय, "यात लाल कमी आहे, तुझा असा नव्हता," म्हणाले. ती पार्लरवाली मुलगी काम सोडून गेली. तिने काय मिसळलं होतं ते मागे राहिलेल्या बाईला ठाऊक नाही. म्हणून नंबर मागितला. बहाणा म्हणून नाही मागितला.

पण चिमणे, हे पत्र आता आईला दे. मला ठाऊक आहे तू चोरून लिहिलंस. दे तरीही. रागावली तर माझ्यावर रागावेल, ते माझं तिला देणंच आहे. तिला सांग, ये असं मी म्हणत नाही. तेवढं तोंड मला उरलं नाही. ती आली तर मी शिवणवालीकडे जाऊन बसेन, तिला माझं तोंड बघावं लागणार नाही. घराची किल्ली कुंडीखाली असते, पूर्वी असायची तिथेच.

नाही आली तर एवढंच विचार: मी तिच्या नावाने "हो" म्हणू का? "नाही" म्हणाली तर तेही मला लिही. मी त्यांना नाही म्हणणार नाही, पण हो पण म्हणणार नाही. औषध, पडदा, ऊन, असं करत शेवटापर्यंत नेईन. तेवढं मला जमतं.

आणि नंबर लिहायला विसरू नकोस.

रुमाल घट्ट बांधून दाराकडे बघत बसलेली,
आणि आतून दार न लावलेली,

तुझी आजी

ता. क. फोटोत तू लावलेला तोच रंग तुलाही शोभतो. तुझ्याही शिरा हिरवट असणार. कुणी काही म्हटलं तर ऐकू नकोस.