खोटा कावळा

२ एप्रिल १९५६, सोमवार
आजपासून रोजनिशी. माहेरी अण्णांनी मला सुरुवातीला घरीच शिकवलं, आणि पहिला धडा हाच की रोज चार ओळी लिहाव्यात आणि खऱ्या लिहाव्यात.
खऱ्या ओळी अशा. दादरला दुर्गाबाईंच्या लोणच्याच्या कारखान्यात नोकरी लागून पंधरवडा झाला. पत्रं लिहायची, लेबलं लावायची आणि बरण्यांच्या खोलीत मीठ-मोहरीची मापं घालायची. तीन महिने प्रोबेशन, मग पर्मनंट. हे संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पकडले गेले, ते अजून आतच. परळच्या खोलीत सासूबाई आणि मी. घर माझ्या नोकरीवर आहे. आणि मला नुकतेच दिवस गेले आहेत.
ही शेवटची गोष्ट दुर्गाबाईंना सांगायला हवी. ज्यांनी विश्वासाने कामावर घेतलं त्यांच्यापासून लपवणं बरं नाही. उद्या गेल्या गेल्या सांगणार.

३ एप्रिल
सांगितलं नाही. दुर्गाबाई मिरचीच्या लोणच्याची चव बघत होत्या, डोळ्यांत पाणी होतं. अशा वेळी माणसाला बातमी देऊ नये.
शिवाय सासूबाई म्हणतात, तिसरा सरेपर्यंत कुणाला सांगायचं नसतं. म्हणजे मी लपवत नाही, रीत पाळते आहे.

५ एप्रिल
माझ्या जागेवर आधी राधा नावाची मुलगी होती. पोट दिसायला लागलं आणि गेली. गेली की घालवली, हे विचारायचा धीर झाला नाही. कैऱ्या फोडणाऱ्या सुंदराबाई, लालबागच्या, एरवी तासभर बोलतील. पण राधाबद्दल फक्त 'गेली बिचारी' एवढंच म्हणाल्या. 'बिचारी'वरून काय ते समजले.
सांगण्याची घाई नको.

९ एप्रिल, सोमवार
कारखान्याचा एक नियम आहे. जिला कावळा शिवला तिने बरण्यांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, लोणच्याला बुरशी येते. तिने चार दिवस पुढच्या पडवीत चटई टाकून लेबलं लावत बसायचं. बोलायचं काही नसतं. चटई दिसली की सगळ्यांना कळतं.
आज सुंदराबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, काय गो, तुका कावळो शिवणा नाय काय? का तो पण घोवाबरोबर आत गेलो? सगळ्या हसल्या. मीही हसले. मग चटई उचलली आणि पडवीत जाऊन बसले.
मी खोटं बोलले नाही. तोंडातून शब्द काढला नाही. चटईवर बसायला कुणालाही बंदी नाही.

१० एप्रिल
नवीनच अडचण. कारखान्यात मी बाहेरची, आणि घरी देवाला फुलं वाहते तीही मीच. ट्राममध्ये बराच विचार केला की मधे नक्की कुठे बदलायचं. हिंदमाताचा थांबा ठरवला. तिथपर्यंत विटाळ, पुढे सोवळं. आता मन स्वस्थ आहे.

१३ एप्रिल
चार दिवस सरले, म्हणून न्हाऊन गेले. गरज नव्हती, पण एखादी गोष्ट करायची तर नीट करावी. दुर्गाबाईंनी माझे ओले केस बघितले, सुंदराबाईंकडे बघितलं, आणि मिठाचं माप माझ्या हातात दिलं. विश्वास बसला म्हणायचा.

२८ एप्रिल
रमाकांतभावजी तुरुंगात जाऊन यांना भेटून आले. यांचा निरोप: तब्येत सांभाळ, आणि मुंबई मिळाल्याशिवाय बारसं करायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, म्हणजे पोर मिशा फुटेपर्यंत बिननावाचं राहणार. पण पदर डोळ्यांना लावून हसल्या.
मला वाटतं मुंबई लवकर मिळेल. बारशाला दुर्गाबाईंना बोलवायचं. त्यासाठी आधी सांगायला हवं. सोमवारी सांगते.

३० एप्रिल, सोमवार
कैऱ्यांच्या गाड्या आल्या. दुर्गाबाईंना श्वास घ्यायला फुरसत नाही. त्यांच्याच सोयीसाठी थांबले.

७ मे
दुसरा कावळा. आता सराव झाला आहे.
पडवीतच कैऱ्यांच्या पाट्या ठेवल्या होत्या. एक फोड तोंडात टाकली. मग किती टाकल्या कुणास ठाऊक. मग मोरीत जाऊन ओकले. सुंदराबाई पाणी घेऊन मागोमाग आल्या, पाठीवरून हात फिरवला आणि स्वतःच म्हणाल्या, ऊन लागला असात. बाई तोंडाळ आहे, पण भोळी. कुणालाही संशय नाही.

२४ मे
कामात मी कमी पडते आहे असं दिसतं. जड पाट्या उचलायचं काम दुर्गाबाईंनी माझ्याकडून काढून सुंदराबाईंना दिलं. आज माझ्या पाटाच्या जागी पाठ टेकायची खुर्ची आली. दुर्गाबाई म्हणाल्या, खाली बसून तुझी लेबलं वाकडी लागतात. मी सगळ्या बरण्या फिरून बघितल्या, मला तर सरळच वाटली. प्रोबेशनचं कठीण आहे. अशात सांगणं म्हणजे आपल्या हाताने नोकरी घालवणं.

१ जून
पक्कं ठरलं. सोमवारी तिसरा आणि शेवटचा कावळा. शुक्रवारी तिसरा महिना सरतो. त्या दिवशी न्हाऊन, वेणी घालून दुर्गाबाईंपुढे उभी राहणार. वाक्य तयार आहे: बाई, मला दिवस गेलेत, पण कामात कुचराई होणार नाही. आरशासमोर म्हणून बघितलं. ऐकणाऱ्याला पटेल असं आहे.
हल्ली निरीची गाठ जरा वर घ्यावी लागते. बरं वाटतं.

४ जून, सोमवार
पडवीत चटई टाकली. मुंबई दिल्लीच्याच ताब्यात राहणार अशी बातमी आली होती. आत सगळ्या तावातावाने बोलत होत्या. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.
दुपारी कळ आली. वाटलं, कैरीची. मग उठून बघितलं.
चटई गुंडाळली. बाजूला सरायचीही गरज नव्हती, मी आधीच बाहेर बसलेली होते. सुंदराबाईंनी आतून विचारलं, बरा नाय काय गो? मी म्हटलं, नेहमीचंच.
तोंडाने बोललेलं हे पहिलं खोटं.
ट्रामने एकटी घरी आले. हिंदमाता कधी गेलं कळलं नाही.

९ जून, शनिवार
हॉस्पिटलातून परवा घरी आले. राहिलं नाही.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं, कुणाच्या करण्याने होत नाही. त्यांना चटईचं माहीत नाही. मी कावळ्याला दोनदा खोटं बोलावलं. तिसऱ्यांदा तो आला.
कारखान्यात 'ताप' असा निरोप गेला आहे. यांना इतक्यात कळवायचं नाही असं सासूबाई म्हणाल्या, आत माणूस खचतो. म्हणजे मी लपवत नाही.
काल शुक्रवार होता. वाक्य अजून पाठ आहे.

१३ जून, बुधवार
कामावर गेले. आज पहिल्यापासून सगळं सांगायचं ठरवूनच गेले होते.
दुर्गाबाईंनी मला बरण्यांच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. सुंदराबाई आधीच तिथे. पाट मांडलेला, तांदूळ, नारळ, हिरवा खण.
दुर्गाबाई म्हणाल्या, वेडे, आम्हाला काय डोळे नाहीत? पहिल्यांदा चटई घेतलीस तेव्हाच कळलं. खरंच कावळा शिवलेली बाई इतकी ऐटीत बसत नाही. सुंदराबाई म्हणाल्या, आणि एवढी कैरी खायत नाय. मी विचारलं, राधाचं काय? दुर्गाबाई म्हणाल्या, नवऱ्याची दिल्लीला बदली झाली तिच्या. माझ्या गळ्यात पडून रडली. तिची जागा मी तशीच ठेवणार होते, ती तुला दिली. पर्मनंटच धर. आता तिसऱ्याची चोरओटी भरायची, कुणाला कळू द्यायची नसते. सुंदराबाई म्हणाल्या, चोरणीचीच ओटी ती. दोघी तोंडावर पदर धरून हसल्या.
मला पदर पसरायला सांगितलं. मी म्हटलं, बाई, मला दिवस गेले…
'होते' म्हणायचं होतं. ते आलं नाही.
दुर्गाबाई म्हणाल्या, एवढंच सांगायला इतके दिवस लावलेस होय? आणि नारळ पदरात घातला.
पसरला नसता तर खाली पडला असता. नारळ खाली पडू देऊ नये.

१४ जून
अजून अंगावरचं थांबलेलं नाही. आणि आता मला पडवी बंद. दुर्गाबाई म्हणाल्या, खुर्ची आतच घे, बरण्यांच्या खोलीत गारवा असतो.
आत बसले. समोर यंदाच्या कैरीच्या बरण्या, तोंडाला पांढरी फडकी बांधलेल्या. जुलै लागला की उघडायच्या. मी आत बसल्यावर बुरशी येणारच. मग सगळ्या विचारतील, आणि मग सांगावंच लागेल. दुपारपर्यंत हे लक्षात आलं आणि हलकं वाटलं. मला काही बोलायला नको. लोणचंच सांगेल.

२ जुलै, सोमवार
सकाळी परत कावळा शिवला. खरा. खुर्चीवर, आतच बसले.
आज पहिली बरणी उघडली. दुर्गाबाई फडकं सोडत होत्या तेव्हा मी डोळे मिटून वाक्य जुळवत होते, या वेळी 'होते' आधी म्हणायचं असं.
वास आला, मोहरीचा आणि हिंगाचा. तेल वर तरंगलेलं. पांढरा ठिपकासुद्धा नाही. दुसरी उघडली, तिसरी उघडली. सुंदराबाई म्हणाल्या, असा लोणचा किती वर्षांत लागला नाय, पोराचो पायगुण. दुर्गाबाईंनी पहिली फोड माझ्या हातावर ठेवली. म्हणाल्या, ही तुझी नाही, त्याची.
सगळ्या बघत होत्या, म्हणून खाल्ली. चांगली मुरली आहे.