गीझरनंतरचं गाणं

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा मला आपल्या गल्लीपलीकडे कोणी ओळखत नव्हतं. आता मी 'गीझरवाली' आहे. इतकी वर्षं पेपरात लोकांना चिमटे काढले, त्याचा कोणाला पत्ता लागला नाही. एक गाणं गंमत म्हणून लिहिलं, स्वतःच्या घोगऱ्या आवाजात म्हटलं, आणि आता नर्मदेवर ग्वारीघाटाला नाववाला भैया मला पाहून वल्हं थांबवतो अन् ओरडतो, "दीदी, गीझर बंद किया क्या?" गाणं तुमच्यावर आहे. जबलपूरच्या थंडीत एक बाप कमरेला टॉवेल गुंडाळून घरभर फिरतो आणि ज्याला-त्याला विचारतो, "गीझर बंद केला काय? मीटर पळून राहिलं!" बस, इतकंच. यावर लोक लग्नात नाचतात. नवरदेव घोडीवरून उतरून नाचतो. मी टोमणा मारला होता, यांनी त्याला बँड लावला. सराफ्यातला एक दुकानदार तर डोळे पुसत म्हणाला, "मेरे पिताजी बिल्कुल ऐसे ही थे, जी." मी मान हलवली. दुसरं काय करणार?

ज्या कंपनीने ते गाणं अल्बममध्ये काढलं, तिला आता दुसरा अल्बम हवा आहे. तिथल्या गृहस्थांचा रोज फोन येतो. "दीदी, बिल्कुल वैसा ही चाहिए, बस नया हो." मी म्हटलं, "वैसा ही चाहिए तो वही दोबारा बजा लो, भैया." ते खूप हसले. मी काहीही बोलले तरी हल्ली लोक हसतात. गीझरपासून ही एक नवीन पीडा मागे लागली आहे. मग म्हणाले, "अच्छा, अंकल और क्या-क्या बोलते थे?" बाबा, मी आठवायला गेले तर तुमचं दुसरं एकही वाक्य हाती लागेना. खाकी शर्टाची बटणं आठवतात, तुमच्या सायकलची घंटी आठवते. वाक्य नाही.

म्हणून मागच्या रविवारी दीक्षितपुऱ्यात आईकडे गेले. ती स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. विचारलं, "आई, बाबा अजून काय म्हणायचे गं? गीझरसारखं?"

"गीझरचं तर मी म्हणत होते," आई म्हणाली.

"तू?"

"मग? ते काहून म्हणतील? तेच तर रोज सुरू ठेवून यायचे."

"अगं, मग इतके दिवस बोलली नाहीस?"

"तू विचारलं काय? सगळे हसून राहिले होते. मी म्हटलं, चलो, माणूस गेल्यावर का होईना, नाव होऊन राहिलं. होऊ दे."

हे ऐकलं आणि ती सकाळ समोर उभी राहिली. तुमच्या फॅक्टरीचा भोंगा व्हायचा आहे. तुम्ही न्हाणीघरातून बाहेर येता, मागून वाफ येते. आई चुलीपासूनच ओरडते. तुम्ही मान खाली घालून बटणं लावता आणि हळूच काहीतरी म्हणता. ओठ हलताना मला दिसतात, आवाज येत नाही. आईलाच विचारलं, "तू ओरडलीस की ते काय म्हणायचे?"

"म्हणायचे, राहू दे, पोरीचं व्हायचंय." आईने एक शेंग फोडली, दाणे किडके निघाले, फेकली. "तू उठायची उशिरा. तुला पाणी गरम पाहिजे ना. त्यासाठी रोज माझं ऐकून घ्यायचे."

तेव्हापासून माझं डोकं चालत नाही. गाण्यातला तो माणूस मग कोण आहे? टॉवेल तुमचा, आवाज आईचा, आणि गरम पाण्याने अंघोळ करून शाळेत जाणारी मी. हे लोकांना सांगावं, तर ऐकणार कोण? सराफ्यातल्या त्या माणसाला सांगू का, की भैया, एकदा घरी विचारून बघा, तुमचे वडीलही कदाचित तुमच्या आई असतील? तुम्ही असतात तर चिडला असतात, की हसला असतात, तेही मला कळत नाही. ज्याच्यावर इतकं चालणारं गाणं केलं, तो माणूस कसा हसायचा हे मला नीट आठवत नाही. कंपनीवाल्यांना मी कळवून टाकलं की अंकल फार बोलत नसत, नव्या अल्बमसाठी त्यांच्याकडे काही नाही.

हे तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, ते बरंच आहे. कारण लिहायला बसले ती खरं तर तुमचं आणखी एखादं वाक्य सापडतं का, हे बघायला. सापडलं नाही. पण आज सकाळी गीझर लावला आणि पाणी तापेपर्यंत बाहेर उभी राहिले, तर 'राहू दे, पोरीचं व्हायचंय' याला आपोआप चाल लागली. कोणाला ऐकवलेली नाही. चांगली लागली आहे, बाबा.